वाटीभर स्ट्रॉबेरी, थंडगार क्रीम

पाचगणीहून उतरणारे पाहुणे आमच्याकडे वाईला चहाला थांबतात आणि वर खाल्लेल्या स्ट्रॉबेरी क्रीमच्या ग्लासाची किंमत सांगून हळहळतात. मी म्हणते, बसा अर्धा तास, घरीच करू. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या फळावर आमच्या वाईचाही थोडा हक्क आहे. कॅलिफोर्नियाहून आणलेली मातृरोपं जूनमध्ये वाई परिसरातल्या रोपवाटिकांत वाढवतात, त्यांची पिलं सप्टेंबरच्या सुमारास वर महाबळेश्वर-पाचगणीच्या तांबड्या मातीत लावतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाईचं नाव कुणी घेत नाही. असो.

फळ घेताना देठाजवळ बघा. तिथे पांढरं असेल तर ते घाईने तोडलेलं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरेल, पण गोडी वाढत नाही. धुवायची ती देठासकट. देठ आधी काढले की फळ पाणी पितं. फडक्यावर कोरडी करून चिरायची. पाव किलोला दोन चमचे साखर भुरभुरून ठेवली की साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि वाटीच्या तळाशी लालभडक रस जमतो. तो टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या वाट्याचा मीच पिते.

खरी परीक्षा क्रीमची. "घरची साय चालेल का?" हे हमखास विचारतात. नाही चालत. सायीतली स्निग्धता आधीच गोळा झालेली असते. घुसळली की ती हवा धरण्याऐवजी लोण्याकडे धावते. दुकानातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो, तेही नीट फुगत नाही. निदान 30 टक्के हवा, 35 असेल तर उत्तमच. घुसळताना आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटत त्यांच्याभोवती जाळं विणतात. हे कण थंडीने निम्मे घट्ट असतील तरच चिकटून टिकतात. कोमट झाले की वितळतात आणि सगळं बसतं. म्हणून क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये, आणि पातेलं नि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये. दुपारी घर तापलं असेल तर पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा.

200 मिलिलिटर क्रीमला दोन चमचे पिठीसाखर. आधी फेस येतो, मग बीटरच्या रेषा उमटून राहू लागतात. पाती उचलल्यावर वर आलेलं टोक किंचित वाकलं, की थांबा. पुढे गेलात तर पिवळसर कणी धरते. तसं झालंच तर घुसळत राहा, लोणी होईल, पोळीला लावा.

केकवाल्यांकडचं नॉन-डेअरी क्रीम तासन्‌तास ताठ उभं राहतं, पण ते वनस्पती तेलाचं. टाळूला थर बसतो. मला ते चालत नाही.

पंचवीस टक्क्यांचंच क्रीम हाताशी असेल तर बीटर काढूच नका. विंबल्डनला स्ट्रॉबेरीवर पातळ क्रीम नुसतं ओततात, कुणाचं काही बिघडत नाही.

थर मात्र वाढायच्या वेळीच लावा: रस, फळ, क्रीम, पुन्हा फळ. एप्रिलनंतर हापूसच्या फोडी घ्या. अननस कच्चा घालू नका, दुधाशी गाठ पडली की काही वेळाने तो कडू लागतो. साखरेत चांगला शिजवून, पूर्ण गार करून मगच घाला.