किमान वेतन आणि मालाडची खोली

गावातला मुलगा मुंबईला नोकरीला लागला की चावडीवर पहिला प्रश्न येतो, पगार किती? खोलीला किती जातात, हे सहसा कुणी विचारत नाही. गावाकडं घर पडकं का असेना, आपलं असतं. भाडं हिशेबातच नसतं. मालाड स्टेशनावर उतरलेल्या माणसाचा हिशेब मात्र तिथूनच सुरू होतो.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. पण किमान म्हणजे किती? त्याचे माप १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवले. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडावे. एक मिळवता, त्याची बायको, दोन मुले. खाण्यापुरती ही तीन मोठी माणसे धरायची. दर माणशी रोज २७०० उष्मांक. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला वेतनाचा पाचवा हिस्सा. आणि भाडे? सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत कमीत कमी जागेला जे पडेल ते.

गोम इथेच आहे. त्या योजनेतले भाडे सरकारी मदतीने उतरवलेले. तशी खोली मिळाली थोड्यांना. वेतनात भाडे धरले सरकारी खोलीचे, आणि कामगार राहिला खाजगी खोलीत! पुढे २०२० साली केंद्राने वेतनाच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या दहा टक्के भाड्यासाठी धरले. समजा, अन्नवस्त्राला ९००० रुपये लागतात. मग भाड्याला निघाले ९००. एवढ्यात मालवणीला किंवा कुरार गावात खोली सोडाच, पोटमाळासुद्धा मिळायचा नाही.

मग माणूस काय करतो? स्टेशनापासून दूर सरकतो. पूर्वेला डोंगराच्या अंगाने जागा जितकी अडचणीची, तितके भाडे कमी. २ जुलै २०१९ रोजी पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची आवारभिंत भर पावसात, रात्रीच्या वेळी झोपड्यांवर कोसळली आणि वीसहून अधिक माणसे गेली. भिंतीच्या पायथ्याशी राहायची हौस कुणाला असते?

काहीजण नालासोपारा, विरार गाठतात. भाड्यात वाचले ते झोपेत जाते. तिसरी वाट जुनीच. गिरणगावात घाटावरचे, कोकणातले गडी एका खोलीत पाळीने झोपत. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठे. आज मालाडच्या कचेऱ्यांत पहारा आणि झाडलोट करणारी पोरं चौघं-पाचजणं मिळून खोली घेतात. बायकोमुलं गावी. म्हणजे वेतन धरले चौघांच्या संसाराचे, आणि संसार झाला दोन ठिकाणी!

भाडे बांधून टाकण्याचा उपाय १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने केला. १९४० चे भाडे प्रमाण धरले. आत होते त्यांना आधार झाला, नव्याने येणाऱ्याला पागडी मोजावी लागली.

आता चलन आहे ते अकरा महिन्यांच्या कराराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, जोवर खोटे ठरत नाही तोवर. तेव्हा डिपॉझिट मोजण्यापूर्वी कागद मागावा, दरमहा पावती घ्यावी. झोपडपट्टीतल्या खोलीला असा कागद क्वचितच होतो. तिथं पैसे देताना निदान ओळखीचा माणूस बरोबर न्यावा.