आकाशकंदील घरीं करतांना

दिवाळी पंधरा दिवसांवर आली म्हणजे घरांतील मुलांना आकाशकंदिलाचे वेध लागतात. कामट्या येतात, रंगीत कागद येतात, स्वयंपाकघराकडे खळीसाठीं मैद्याची मागणी होते, आणि दोन दिवस बाहेरच्या खोलींत कुणास पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. एवढें करूनहि कंदील टांगल्यावर एका अंगास कलतो, कागद ढिले पडून सुरकुततात आणि हौसेनें काढलेली नक्षी दिवा लावतांच काळीठिक्कर दिसूं लागते. पुढील वर्षीं मग कंदील विकतचा येतो, आणि तोहि बहुधा प्लॅस्टिकचा. घरगुती कंदील मागें पडला तो वेळ नाहीं म्हणून, असें सर्वजण म्हणतात. मला तें पटत नाहीं. पहिल्या खेपेची ही निराशाच त्याला अधिक कारण आहे. आणि ती टाळावयास हातांतील कसबापेक्षां बांबू, कागद व रंग यांचे स्वभाव ठाऊक असणें पुरेसें होतें.

प्रथम सांगाड्याचें पाहूं. नेहमींच्या चांदणीच्या कंदिलास सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पांचांची एक चांदणी पुढें व पांचांची दुसरी मागें. कामटी ६० सेंटिमीटर लांब घेतली, तर तिच्या दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरांवर एकेक खूण करावी. शेजारच्या कामट्या नेमक्या याच खुणांवर तिला छेदून गेल्या पाहिजेत. खुणा जुळल्या कीं पांचहि कोन आपोआप सारखे होतात. कंपासपेटी उघडावी लागत नाहीं. नंतर दोन्ही चांदण्यांचीं टोकें एकमेकांस दोऱ्यानें बांधावीं, आणि मधल्या पंचकोनाच्या पांच कोपऱ्यांत पुढच्या व मागच्या चांदणीमध्यें १२ सेंटिमीटरांच्या काड्या अडकवाव्या, म्हणजे सांगाडा दोन्ही अंगांनीं फुगून उभा राहतो.

येथें एका गोष्टीची घाई करूं नये. बांबूचे बळकट तंतू सालीकडे दाट असतात व आंतल्या बाजूस विरळ होत जातात. म्हणून कामटी वांकवितांना साल बाहेरच्या अंगास ठेवावी, आणि तासावयाची झाल्यास आंतून तासावी. प्रत्येक कामटी बरोबर मध्यावर बोटावर तोलून पाहावी. जें टोक खालीं जाईल तिकडून थोडें तासावें. पतंग बांधणाऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. एका अंगास कलणाऱ्या कंदिलाचें मूळ बहुधा या न तोललेल्या कामट्यांत असतें, आणि दोष मात्र टांगणाऱ्यास दिला जातो.

आतां कागद. यंत्रावर तयार झालेल्या कागदांतील तंतू बव्हंशीं एकाच दिशेस निजलेले असतात. त्या दिशेनें कागद सरळ फाटतो. आडवा फाडूं गेल्यास फाट वेडीवांकडी जाते. कोपऱ्याचा एक तुकडा फाडून पाहिला कीं दिशा कळते. ओल लागली म्हणजे हे तंतू लांबीनें फारसे वाढत नाहींत, जाडीनें फुगतात. त्यामुळें कागद तंतूंच्या आडव्या दिशेनें पसरतो, आणि वाळतांना त्याच दिशेनें आखडतो. हें आखडणें शत्रू नव्हे. तेंच कंदिलाचा कागद ढोलक्याच्या पानासारखा ताणून धरतें. मात्र त्यासाठीं प्रत्येक त्रिकोणी तुकडा असा कापावा कीं तंतू टोकापासून तळाकडे जातील, म्हणजे ताण दोन कामट्यांच्या दरम्यान पडेल. तुकडे कसेहि कापले तर एक पाकळी ताठ, दुसरी ढिली, असा प्रकार होतो. हातकागदांत ही अडचण फारशी येत नाहीं, कारण चौकट हलवून केलेल्या त्या कागदांत तंतू सर्व दिशांस पसरलेले असतात. १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली, ती सुती चिंध्यांपासून होणाऱ्या अशाच कागदासाठीं. पण तो जाड असल्यानें उजेड अडवितो. कंदिलास पतंगी कागदच बरा. जाड हातकागद गणपतीच्या मखरासाठीं राखून ठेवावा. २०१८ सालीं महाराष्ट्रांत थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून त्याची गरज वाढलीच आहे.

खळ पातळ हवी. मैदा थंड पाण्यांत गुठळी न राहील असा कालवून, वर उकळतें पाणी ओतीत मंद आंचेवर तकतकीत होईपर्यंत शिजवावा. कसर लागूं नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालण्याची चाल आहे. पण मोरचूद विषारी असतें, आणि खळ चाटून पाहणारीं मुलें प्रत्येक घरीं असतात. कंदील पंधरा दिवसांचा पाहुणा; त्याला मोरचुदाची गरज नाहीं. खळ कामटीस लावावी, कागदास नव्हे, आणि कागद ओढून न बसवितां नुसता टेकवावा. सर्व तुकडे वाळल्यावर तोंडानें किंवा पिचकारीनें पाण्याचे अगदीं बारीक तुषार मारावे. अर्ध्या तासांत कागद स्वतःच ताणला जातो. दोन तुकडे मात्र लावूं नयेत: वरच्या टोकाजवळचा बाजूचा एक व खालच्या बाजूचा एक. दिवा आंत घालावयास व आंतील हवा खेळावयास त्या वाटा लागतात.

रंगाच्या बाबतींत चूक होते ती अशी, कीं कंदील आपण दिवसा रंगवितों आणि पाहतों रात्रीं. दिवसा रंग वरून पडणाऱ्या उजेडानें दिसतो. रात्रीं उजेड आंतून आरपार येतो. पोस्टरचे दाट रंग हा उजेड अडवितात, म्हणून लाल, निळें, सोनेरी सारेंच काळें. यासाठीं पांढरा कागद लावावा व ताणून वाळल्यावर त्यावर पाण्यांतील पातळ रंगाचे हलके हात द्यावे. पिवळ्यावर निळ्याचा हात फिरला तर रात्रीं सुरेख हिरवा उमटतो. हळदीचें पाणी प्रथम फार मोहक दिसतें, पण उन्हांत चार दिवसांत उडतें. नक्षी काळीच दिसणार असेल, तर ती मुद्दाम काळी करावी: काळ्या कागदांतून वेल, मोर, पणती कातरून आंतल्या बाजूनें चिकटवावी. दिवसा कंदील साधा पांढरा, आणि संध्याकाळीं दिवा लागतांच त्यावर मोर येऊन बसतो. मुलांना याचें फार अप्रूप वाटतें, आणि मोठ्यांनाहि.

याच कल्पनेवर फिरता कंदील चालत असे. आंत कागदाची पंखेदार चकती टांचणीवर तोललेली, खालीं दिवा. तापलेली हवा वर जातांना चकती फिरवी आणि तिला लटकविलेलीं चित्रें कंदिलाच्या भिंतीवरून धांवत. आतांचे एलईडी दिवे फार थोडी उष्णता देतात, म्हणून अशी चकती त्यांवर ढिम्म हलत नाहीं. त्याबद्दल थोडी हळहळ वाटते; पण कागदाच्या घरांत थंड दिवा असणें हें निर्धास्तपणाचें आहे, हेंहि मान्य केलें पाहिजे. तरी दिवा कागदास टेकूं देऊं नये, आणि वायर कंदिलाचा भार धरणार नाहीं अशी पाहावी. भारासाठीं वेगळा दोरा वरच्या टोकास बांधावा. खालच्या दोन टोकांस झिरमिळ्या लावतांना दोन्हीकडे सारख्याच लावाव्या.

दिवाळीच्या सुमारास एखादी अवचित सर येते व कंदील भिजून कागद लोंबूं लागतो. त्या वेळीं दिवा बंद करून वायर काढून घ्यावी, आणि कंदील घरांत सावलींत टांगून ठेवावा. कागदास हात लावूं नये. वाळला कीं तो पुन्हां ताठ होतो.