रुग्णालयाच्या दारापलीकडचा रकाना

महिना उलटला की जिल्ह्याजिल्ह्यांतून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका-सेवेचे आकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत दाखल होतात, आणि त्यांच्या सोबतीने कोणा डॉक्टराचा व कोणा चालकाचा जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हस्ते पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाल्याचे वृत्तही येते. या महिन्यातही ते आले. त्या वृत्ताची चौकट वाचकांनी पाहिली असेल, म्हणून आकड्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. परंतु अपरात्री घाटात उलटलेल्या ट्रकाजवळ पोहोचून चिरडलेल्या माणसाला जिवंत रुग्णालयात नेणाऱ्या या मंडळींच्या कामाचे मोजमाप आपण ज्या तक्त्याने करतो, तो तक्ता त्यांच्या योग्यतेचा आहे काय, हा प्रश्न ती चौकट वाचून ज्याच्या मनात उभा राहिला असेल, त्याच्यासाठी हा लेख आहे.

तक्त्याचे रकाने ठरलेले आहेत. अपघात, मारहाण, भाजणे, हृदयविकार, उंचावरून पडणे, विषबाधा, प्रसूती, विजेचा धक्का, सामूहिक दुर्घटना, स्वतःस करून घेतलेली इजा, आणि या सर्वांहून मोठा असा ‘वैद्यकीय’ नावाचा रकाना, ज्यात तापापासून पक्षाघातापर्यंतची नाना दुखणी एकत्र नांदतात. २६ जानेवारी २०१४ रोजी ही सेवा महाराष्ट्रात रुजू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ वाहने होती. त्यांपैकी २३३ वाहनांत व्हेंटिलेटर व डिफिब्रिलेटर यांसह प्रगत जीवरक्षणाची सामग्री, तर ७०४ वाहनांत प्राथमिक उपचारांची. राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून लावलेला फोन पुण्यात औंध येथील नियंत्रण कक्षात वाजतो आणि तेथून जवळच्या वाहनाला हुकूम सुटतो. इतर बहुतेक राज्यांनी वाहनावर प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमले. महाराष्ट्राने प्रत्येक वाहनावर डॉक्टर नेमावयाचे ठरविले. हे डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचे वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, आणीबाणीच्या उपचारांचे वेगळे शिक्षण घेऊन कामावर येतात. चालकाला येथे सर्वजण ‘पायलट’ म्हणतात, आणि ज्याने पावसाळ्यात मेळघाटातील किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील रस्ते पाहिले आहेत त्याला त्या नावात अतिशयोक्ती वाटणार नाही.

सत्काराच्या वृत्तांत सर्वाधिक वेळा येते ती रुग्णवाहिकेत झालेली प्रसूती. हे स्वाभाविक आहे. मृत्यूच्या सावलीत चालणाऱ्या या खात्याला आनंदाची अशी वार्ता दुसरी नाही. परंतु ती घटना कशी घडते हे जवळून पाहिल्यावाचून तिचे मोल कळावयाचे नाही. आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या गाडीत बाईच्या कळा एकाएकी वाढतात, डॉक्टर तपासून पाहतो, आणि त्याला क्षणार्धात ठरवावे लागते की गाडी अशीच दामटावयाची की रस्त्याच्या कडेला उभी करावयाची. कारण हलत्या गाडीत, खड्ड्यागणिक उसळणाऱ्या स्ट्रेचरवर प्रसूती करणे हे आई व मूल दोघांच्याही जिवाशी खेळणे होय. गाडी थांबते. पायलट मागचे दार ओढून घेतो, आतला दिवा पुरेनासा झाला तर विजेरी धरतो, आणि बरोबरच्या आशाताई बाईचे खांदे धरून तिला धीर देतात. मूल बाहेर आले की प्रथम त्याला कोरडे करावयाचे, आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांवर एकच पांघरूण घालावयाचे, नाळेची धडधड थांबू द्यावयाची, दोन चिमट्यांच्या मध्ये ती कापावयाची, आणि मूल रडले नाही तर पाठ चोळून, तेवढ्याने भागले नाही तर लहान मुखवट्याच्या पिशवीने, पहिल्या मिनिटाच्या आत त्याला श्वास द्यावयाचा. एवढे झाल्यावरही काम संपत नाही, कारण वार पडून रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत धोका आईच्या उशाशीच बसलेला असतो. हे सारे ज्याने शांत चित्ताने पार पाडले त्याचा सत्कार अवश्य व्हावा. मात्र प्रत्येक अशी प्रसूती ही त्या डॉक्टराचे यश असते त्याचबरोबर व्यवस्थेच्या उशिराची नोंदही असते, हे आरोग्य खात्याने विसरता कामा नये; ज्या तालुक्यातून अशी वृत्ते वारंवार येतात तेथे प्रसूतिगृह किती कोस दूर आहे, आणि त्या बाईला आधी का हलविले नाही, याची चौकशी सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

आता हृदयविकाराच्या रकान्याकडे वळू, कारण या लेखाचा खरा विषय तेथे आहे. ज्याचे हृदय एकाएकी बंद पडले त्याच्या छातीवर कोणी दाब दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केलेले सत्य होय. उलट, आपल्या सेवेने घटनास्थळी पोहोचण्याची जी मुदत स्वतःसाठी ठरविली ती शहरांत २० मिनिटांची आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांची. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की सामान्य गणित जाणणाऱ्यालाही कळावे की अशा रुग्णाच्या बाबतीत पायलटाने कितीही शर्थ केली, तरी केवळ गाडीच्या वेगावर तो जीव वाचणे नाही. त्याचा पहिला वैद्य घरातलाच कोणीतरी असला पाहिजे, आणि त्या घाबरलेल्या माणसाला वैद्य बनविण्याचे सामर्थ्य त्या घटकेला एकाच व्यक्तीच्या हाती असते: औंधच्या कक्षात फोन घेणाऱ्याच्या.

ही गोष्ट फार लवकर आणि फार चिकाटीने ज्या नगराने ओळखली ते अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिॲटल होय. बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत डिफिब्रिलेटर बसवून हृदयरुग्णाच्या दारापर्यंत नेण्याचा प्रयोग केला होता आणि त्याचा वृत्तान्त १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता, तो वाचून सिॲटलचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. लेनर्ड कॉब यांनी तेथील अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांची भेट घेतली, आणि १९७० च्या मार्चमध्ये ‘मेडिक वन’ नावाची सेवा उभी राहिली. आरंभी तेथेही गाडीवर डॉक्टर असे. पुढे कसून शिकविलेले अग्निशामक जवानच ते काम तितक्याच निगुतीने करू लागले. १९७२ पासून कॉब यांनी सामान्य नागरिकांना छातीदाबाचे शिक्षण द्यावयास प्रारंभ केला. गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटे रिकामी जातात आणि ती भरून काढणारा माणूस शेजारीच उभा असतो, हे त्यांनी इतरांच्या फार आधी हेरले होते.

त्याच परिसरातील किंग कौंटी या विभागाचे वैद्यकीय संचालकपद अनेक दशके सांभाळणारे डॉ. मिकी आयझेनबर्ग यांचे कार्य मला याहूनही उद्बोधक वाटते. फोन करणाऱ्याला दूरध्वनीवरूनच छातीदाबाची सूचना द्यावयाची, ही पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. फोन घेणाऱ्याने दोन प्रश्न विचारावयाचे: माणूस शुद्धीवर आहे काय, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे काय. दोहोंचे उत्तर ‘नाही’ आले की वय, जुने आजार यांची चौकशी बाजूला ठेवून तत्काळ सांगावयाचे, की रुग्णाला जमिनीवर उताणे निजवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, दुसरा हात त्यावर ठेवा, आणि मी मोजतो त्या तालावर जोराने दाबा. दाब मिनिटाला १०० ते १२० आणि खोली निदान पाच सेंटिमीटर.

ऐकावयास हे सोपे वाटते, पण दुसऱ्या प्रश्नातच सारी ग्यानबाची मेख आहे. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे शरीर तोंडाने अधूनमधून आचके देत राहते. घरचा माणूस फोनवर सांगतो की घरघर चालली आहे, श्वास आहे, आणि हे ऐकून फोन घेणारा फसला तर छातीदाबाला प्रारंभच होत नाही. हा आचका म्हणजे श्वास नव्हे, हे कानाने ओळखावयास शिकविणे हाच किंग कौंटीच्या शिक्षणाचा गाभा आहे. आणि ते शिकविण्यासाठी आयझेनबर्ग यांनी जे केले त्यावर माझा विशेष लोभ आहे: बंद पडलेल्या हृदयाची प्रत्येक केस, मग रुग्ण वाचलेला असो वा गेलेला, तिचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावयाचे, डिफिब्रिलेटरमधील आलेख काढून पाहावयाचा, फोन उचलल्यापासून पहिल्या दाबापर्यंत किती सेकंद गेले ते मोजावयाचे, दाब देताना हात कोठे थांबले ते पाहावयाचे, आणि ज्यांनी ती केस हाताळली त्यांच्यापुढे हे सर्व ठेवावयाचे. दोषारोपाचा हेतू त्यात नसतो, उद्याची केस आजच्यापेक्षा चार सेकंद लवकर सुरू व्हावी एवढाच असतो. कोणी पाहिलेल्या घटनेत, कंप पावणाऱ्या हृदयाच्या रुग्णांपैकी २०१३ मध्ये तेथे ६२ टक्के वाचले. हृदय बंद पडण्याचे सर्व प्रकार हिशेबात धरले तर हे प्रमाण बरेच खाली येते, तरीही एवढे यश मिळविलेली नगरे जगात फारच थोडी आहेत.

आणि हा आकडा तेथे देता येतो याचे कारण, रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यानंतर त्याचे काय झाले याची नोंद तेथे ठेवली जाते. १९९० च्या जूनमध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळच्या एका बेटावर, उट्स्टाइन नावाच्या प्राचीन मठात, निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञ जमले, कारण प्रत्येक जण आपापले यश वेगळ्या मापाने मोजीत असे आणि कोणाचाही आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळत नसे. त्यांच्या विचारमंथनातून १९९१ साली नोंदीचा जो समान नमुना प्रसिद्ध झाला, त्यात यशाची जी कसोटी महत्त्वाची मानली गेली ती रुग्ण जिवंत घरी गेला की नाही, आणि गेला तर त्याचा मेंदू कोणत्या अवस्थेत होता, ही होय.

आपल्याकडे डॉक्टर रुग्णाच्या उपचाराचा कागद भरतो, अपघात विभागात हँडओव्हर होतो, समोरची सही मिळते, आणि गाडी आपल्या बेसकडे परतते. तक्त्यात एक आकडा वाढतो. त्या रुग्णाने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले की त्याच रात्री प्राण सोडला, हे ज्याने गाडीत त्याच्या छातीवर हात ठेवला होता त्याला कळावयास काही सरकारी मार्ग नाही. ओळखीच्या परिचारिकेला विचारून कळले तर कळले. ज्याला आपल्या कामाचा परिणाम कधी पाहावयास मिळत नाही, त्याचे कौशल्य वाढावे कसे? आषाढीच्या पालखीबरोबर पंढरपुरापर्यंत उन्हापावसात चालणारी, नर्मदेच्या काठच्या पाड्यांतून बोटीने रुग्ण आणणारी, करोनाच्या काळात अंगभर पोशाख घालून दिवसचे दिवस काढणारी ही मंडळी बहुतांशी कंत्राटी आहेत; वेतन व कायमपणा यांविषयीची त्यांची गाऱ्हाणी रास्त आहेत आणि ती सत्काराच्या हाराने मिटणारी नाहीत. पण त्यांच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा प्रश्न वेतनाइतकाच महत्त्वाचा आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आणीबाणीच्या उपचारांतील तंत्रज्ञांना आरोग्य व्यवसायांच्या मान्य यादीत स्थान दिले आहे, आणि मान्य व्यवसायाचे लक्षणच हे की तो आपल्या कामाचे फळ स्वतः तपासतो.

माझे मत असे की मासिक तक्त्यातील प्रत्येक रकान्यापुढे आणखी एक रकाना काढावा: दाखल केलेल्यांपैकी तिसाव्या दिवशी किती जण हयात आहेत. सत्कारांतही फोन घेणाऱ्यांचा वाटा असावा. औंधच्या कक्षात बसून गडचिरोलीच्या कोपऱ्यातल्या एखाद्या घाबरलेल्या पोराकडून, त्याच्याच बोलीत, वडिलांच्या छातीवर आठ मिनिटे दाब देववून घेणारी मुलगी कोणत्याही व्यासपीठावर चढावयास पात्र आहे. आणि तिला पात्र ठरवावयाचे तर तिचे ते ध्वनिमुद्रण कोणीतरी ऐकलेले असले पाहिजे, व पुढे वडिलांचे काय झाले हे कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची तजवीज करावी लागेल असे नाही. गाडीतल्या कागदावर एक क्रमांक असतो, रुग्णालयाच्या आंतररुग्ण विभागाच्या कागदावर दुसरा. हँडओव्हरच्या वेळी पहिल्यावर दुसरा लिहून घेतला की धागा जुळला. आरंभ एखाद्या जिल्ह्यात, केवळ हृदय बंद पडलेल्या रुग्णांपुरता करावा, कारण त्यांची संख्या हाताळण्याजोगी असते. खाजगी रुग्णालये माहिती देण्यास काचकूच करतील, तेव्हा पहिले वर्षभर जिल्हा रुग्णालय व उपजिल्हा रुग्णालये यांवरच भागवावे. महिन्यातून एक दुपार जिल्हा शल्यचिकित्सक, सेवेचे जिल्हा व्यवस्थापक आणि त्या केसेस हाताळलेले डॉक्टर व पायलट यांनी एकत्र बसून दोन्ही कागद ताडून पाहावेत, आणि औंधच्या कक्षातून त्या फोनांची ध्वनिमुद्रणे मागवून ऐकावीत.