पटाचारेचे वस्त्र : तुरुंगातील स्त्रीच्या मनाचा प्रश्न

तुरुंगातील माणसाला ध्यान शिकवावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. सत्यनारायण गोएंका यांनी १९७५ साली जयपूरच्या कारागृहात विपश्यनेचे शिबिर घेतले. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये हजारावर बंदी एकाच वेळी या साधनेला बसले. आपल्या महाराष्ट्रातले इगतपुरी हे तिचे प्रमुख केंद्र. परंतु तुरुंगातील स्त्रीला या साधनेचा उपयोग कोणता आणि तिची मर्यादा कोठे, याचा विचार धम्म स्वीकारलेल्या समाजाने स्वतःच्या भूमीवर उभे राहून करावयास हवा.

मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे स्मृती, सजगता. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याकडे लक्ष ठेवायचे. मन भरकटले तर स्वतःवर न चिडता त्याला परत आणायचे. पुढे शरीरावरील संवेदना अशाच न्याहाळायच्या. संताप आला की छाती धडधडते, घसा दाटतो. ते नुसते पाहता आले तर संताप आणि कृती यांत थोडे अंतर पडते. मुलाबाळांच्या काळजीने बराकीत रात्र जागून काढणाऱ्या बाईला हे अंतर मोलाचे असते. मात्र गंभीर मनोविकार असेल तर दहा दिवसांच्या मौन शिबिराला बसू नये, असे केंद्रेही सांगतात. अशा स्त्रीला डॉक्टर हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ ने मनोरुग्ण कैद्यांच्या उपचाराची तरतूद केलेली आहे.

पण मन कशाने मोडते, हा प्रश्न उरतोच. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी शंभरात पंचाहत्तरांहून अधिक जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही असे. स्त्रिया २३,७७२, शंभरात जेमतेम चार. संख्या थोडी, म्हणून व्यवस्था सारी पुरुषांच्या मापाची. नवरा आत गेला तर बायको भेटीच्या रांगेत उभी राहते. बायको आत गेली तर बहुधा माहेर-सासर दोन्ही पाठ फिरवतात. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार कोठून आणायचा? भूमिहीनाच्या घरी सातबारा नसतो.

त्यात जात तुरुंगाच्या दाराशी थांबत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीनुसार कामे वाटणारे तुरुंगनियम घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे ते कागदावर होते. आणि आम्हा परभणीकरांना कोठडीविषयी वेगळे सांगावयास नको : १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले.

अशा व्यवस्थेत 'दुःखाचे मूळ तुझ्याच मनात आहे' असे बंदिनीला सांगणे म्हणजे अन्यायाचा हिशेब तिच्याच खात्यावर मांडणे होय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशातील आहेत काय, अशी शंका उपस्थित केली. त्यांनी धम्म पाहिला तो माणसामाणसांतील संबंधांत.

पटाचारेची कथा येथे आठवावी. पती, मुले, आईबाप गमावून वेडी झालेली ती विवस्त्र अवस्थेत बुद्धासमोर आली. भानावर ये, असे त्यांनी तिला बहीण म्हणून सांगितले. ती भानावर आली, लाजली, तेव्हा एका माणसाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. ते पांघरून ती पुढे आली आणि मग उपदेश झाला. सजगतेची हाक आणि अंगावरचे वस्त्र या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नाहीत.

आज ते वस्त्र कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. कार्यकर्त्यांनी तुरुंगात ध्यानवर्ग जरूर न्यावेत. मात्र जाताना अशा बंदिनींची यादीही मागावी. श्वासाकडे पाहणे तिला शिकवता येईल. जामीनदार मात्र आपल्यालाच शोधावा लागेल.