टंचाई कॅप्टनची, रांग को-पायलटांची

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली, तोवर आपल्याकडे प्रवासी विमानाच्या कॉकपिटचं दार फार अरुंद होतं. इंडियन एअरलाइन्स, एअर इंडिया आणि १९९३ पासून जेट व सहारा, एवढ्याच मोठ्या कंपन्या. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त नव्वदच्या दशकात आल्या आणि दशक संपायच्या आत मिटल्याही. सरकारी कंपन्यांची भरती निघायला वर्षं लागत. पण एकदा निवड झाली की बोइंग किंवा एअरबस शिकवण्याचा खर्च कंपनीचा असे. उमेदवाराने फ्लाइंग क्लबमध्ये तास भरून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, मिळवायचा. पुढचं कंपनी बघून घेई. गेल्या वीस-बावीस वर्षांत विमानं, विमानतळ, प्रवासी सगळंच वाढलं. हा खर्च मात्र कंपनीच्या खात्यातून निघून घरच्यांच्या खात्यावर आला. नव्या वैमानिकांच्या नोकऱ्यांचा मागोवा घेताना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

२००५ हे साल अनेकांना आठवत असेल. मे महिन्यात स्पाइसजेट आणि किंगफिशर, नोव्हेंबरात गोएअर. जूनमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात इंडिगोने एकही विमान उडवलेलं नसताना १०० एअरबस मागवली. वर्तमानपत्रांत ‘पायलटांची टंचाई’ हा मथळा महिन्याआड दिसू लागला. टंचाई खरीच होती. परदेशी कॅप्टन भरभक्कम पगारावर आणले जात होते आणि त्यांना परत पाठवण्याची मुदत डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, पुन्हापुन्हा वाढवत होतं. पण त्या मथळ्याखालचा तपशील फार थोड्या पालकांनी वाचला. टंचाई होती ती कॅप्टनची, डाव्या सीटवर बसणाऱ्या माणसाची. त्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि तो १,५०० तास उड्डाणाशिवाय मिळत नाही. नव्या मुलाकडे सीपीएल असते २०० तासांची. मधले १,३०० तास भरायचे कुठे, तर विमान कंपनीतच. म्हणजे ज्या टंचाईच्या भरवशावर मुलगा शिकायला गेला, ती भरून काढण्याच्या लायकीचा तो नोकरी लागल्यावर काही वर्षांनी होणार होता. आणि नोकरी किती जणांना लागणार, हे कंपनीकडे शेजारी बसवायला कॅप्टन किती आहेत, यावरच ठरतं. कॅप्टन कमी असले की को-पायलटच्या जागाही कमी होतात. हे उलटं गणित आजही समुपदेशनाच्या कार्यक्रमांत कुणी नीट सांगत नाही.

त्या काळात महाराष्ट्राच्या नकाशावर नवी नावं उमटली. प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्यांच्या भागात, गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर सीएई ही प्रशिक्षण कंपनी आणि विमानतळ प्राधिकरण यांची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. बारामती, धुळे, शिरपूर इथेही छोटी विमानं घिरट्या घालू लागली. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबलाही मुंबईच्या गर्दीत जागा उरली नाही, तेव्हा त्याने उड्डाणं धुळ्याला नेली. ज्यांना भारतातल्या रांगेत थांबायचं नव्हतं ते अमेरिका, फिलिपिन्स, न्यूझीलंडला गेले. बारावीला फिजिक्स आणि गणित, मेडिकल पास आणि घरची थोडी ऐपत, एवढ्यावर निर्णय होऊ लागले.

मग २००८ उजाडलं. जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, पाठोपाठ जगभर मंदी. ऑक्टोबरात जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी केलं आणि गदारोळ झाल्यावर परत घेतलं. नव्याने परवाना घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी मात्र गदारोळ करायला कुणी नव्हतं, कारण ते कुणाचे कर्मचारीच नव्हते. पुढची पाच-सहा वर्षं हजारो सीपीएलधारक घरी होते. कुणी कॉल सेंटरला लागलं, कुणी विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर उभं राहिलं, कुणी वडिलांच्या दुकानात बसलं.

या वाट पाहण्यालाही पैसे लागतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मेडिकल वेळच्या वेळी करावी लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला पुन्हा तास उडवावे लागतात आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. त्यात कंपन्या टाइप रेटिंग झालेलेच उमेदवार मागू लागल्या. टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, सिम्युलेटरवर, तेही स्वखर्चाने. एअरबस ३२० की बोइंग ७३७, हा कौल मुलाने नोकरीची खात्री नसताना लावायचा. ३२० वर पंधरा-वीस लाख घातले आणि भरती ७३७ वाल्यांची निघाली, तर ते रेटिंग घेऊन बसायचं. न वापरता ठेवलं तर ते चालू ठेवण्याचा खर्च वेगळा. बँका साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि वैमानिकाचं शिक्षण त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणून तारणाच्या कागदावर घर येतं, प्लॉट येतो. हप्ते नोकरीची वाट पाहत नाहीत.

२०११ च्या सुरुवातीला गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवलं गेलं. चौकशीत निघालं की वैमानिकाने एटीपीएलसाठी बनावट गुणपत्रिका दिल्या होत्या. मग आणखी प्रकरणं बाहेर आली, काहींना अटक झाली, फ्लाइंग स्कूलच्या लॉगबुकांची तपासणी झाली. न उडालेले तास उडाले म्हणून लिहून देणारी दुकानंही सापडली. या माणसांची बाजू घेण्याचं कारण नाही, प्रश्न प्रवाशांच्या जिवाचा आहे. पण एका तासाची किंमत इतकी चढवली आणि तपासणी इतकी ढिली ठेवली, तर असा बाजार उभा राहणारच होता. त्याची झळ प्रामाणिकपणे तास भरलेल्यांनाही बसली. त्यांचीही कागदपत्रं संशयाने पाहिली जाऊ लागली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली आणि पगार थकलेले अनुभवी वैमानिक त्याच बाजारात उतरले. अनुभवी माणूस उपलब्ध असताना २०० तासवाल्याला कोण विचारणार? २०१४ पासून वारं फिरलं. एअर एशिया इंडिया, विस्तारा आल्या. एप्रिल २०१७ मध्ये छोट्या शहरांसाठीच्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या दिवशीच्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. त्याच वर्षी डीजीसीएने राजीनाम्याच्या नोटिशीची मुदत को-पायलटसाठी सहा महिने आणि कमांडरसाठी एक वर्ष केली. टंचाई कुठे बोचत होती, ते या नियमातून स्पष्ट दिसतं. पण १७ एप्रिल २०१९ ला जेटने शेवटचं उड्डाण केलं. त्याच्या महिनाभर आधी ७३७ मॅक्स विमानं जमिनीवर बसली होती. बोइंगचा कौल लावलेल्यांना ते वर्ष जड गेलं. मग २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद. इंडिगोने दहा टक्के माणसं कमी केली, एअर इंडियाने बिनपगारी दीर्घ रजेची योजना काढली. त्या वर्षी परवाना हातात आलेल्या मुलांबद्दल मला आजही वाईट वाटतं. चूक त्यांची काहीच नव्हती, फक्त जन्मसाल जुळलं नाही.

२०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परतली, ऑगस्टात आकासा उडाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. टंचाईचा मथळा परत आला. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले; तोवर एका वर्षात इतके कधीच दिले गेले नव्हते. त्यात मुलींचं प्रमाणही लक्षणीय होतं. जगात वैमानिकांमध्ये बायकांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे, आपल्याकडे तो त्याच्या जवळजवळ तिप्पट. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व-महिला कर्मचाऱ्यांचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, तिथून इथवर आलेली ही वाट आहे, आणि या सगळ्या कहाणीत मला निर्भेळ आनंद देणारी गोष्ट एवढीच.

पण मागवलेलं विमान दहा-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतं. मुलगा दीड-दोन वर्षांत तयार होतो. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, बंद पडली. तिची निम्मी विमानं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे आधीच उभी होती. इंडिगोचीही कित्येक विमानं त्याच कारणाने उभी राहिली. उभ्या विमानाला वैमानिक लागत नाही. २०२३ चे विक्रमी परवानाधारक बाहेर पडले ते या काळात.

आता नवी वाट कॅडेट प्रोग्रामची आहे. कंपनी आधी निवड करते, मग ठरलेल्या संस्थेत शिक्षण आणि शेवटी टाइप रेटिंग. खर्च कोटीच्या घरात जातो. निदान नोकरीचं दार तरी दिसतं, म्हणून मी याला सुट्या सीपीएलपेक्षा बरं म्हणेन. तरीही करारावर सही करण्यापूर्वी एक कलम वाचायलाच हवं: शिक्षण पूर्ण झाल्यावर जागा नसेल, तर कंपनी काय देणं लागते?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नियम लागू होत होते आणि त्यासाठी पुरेसे वैमानिक नेमलेले नव्हते. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. म्हणजे माणसं घेऊन तयार करायला जवळपास दोन वर्षं हाताशी होती, आणि त्याच दोन वर्षांत परवाना घेतलेली मुलं घरी बसून मेल तपासत होती.

त्याच वर्षी डीजीसीएने फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. ही क्रमवारी काढली हे उत्तम झालं. आता तिच्याशेजारी आणखी एक रकाना हवा: या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण दोन वर्षांच्या आत पगारावर उडत आहेत. परवाने डीजीसीएच देतं, कंपन्यांच्या वैमानिकांच्या नोंदीही त्याच्याचकडे असतात. दोन्ही जुळवून हा आकडा दर जानेवारीत जाहीर करता येईल, आणि घर तारण ठेवणाऱ्या आईबापांना तो सहीच्या आधी मिळायला हवा.