अंगणवाडीत अंगण कुठे आहे?



'अंगणवाडी' हा शब्द आपल्या तोंडात दिवसातून दहा वेळा येतो. अंगणवाडीत वजन केलं का, अंगणवाडीत खाऊ आला का, अंगणवाडी आज उघडी आहे का. पण या शब्दात अंगण आहे, हे आपण विसरूनच जातो. नवी इमारत मंजूर झाली की चर्चा होते ती खोलीची. स्लॅब की पत्रा, फरशी कुठली, रंग कुठला. अंगणाचं काय, हे कुणी विचारत नाही. मग उरलेल्या जागेत खडी पडते, गाड्या लागतात, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसतात. म्हणून आज आपण ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या जागेविषयी बोलू. आत काय हवं, बाहेर काय हवं आणि त्यासाठी आपल्या गटाने काय करायचं.

आधी हे नाव कुठून आलं ते पाहू. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराचं काम केलं होतं. पुढे १९४५ साली त्यांनी डहाणूजवळ बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी चालू झाली, पण गरीब वस्तीतली, आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथे येईनात. आईबाप कामावर जात, मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत. तेव्हा या दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. वस्तीतलं एखादं झाडलेलं, सारवलेलं अंगण हीच शाळा झाली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही चालली. महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, बिया, पानं वापरली गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

म्हणजे अंगण आधी होतं, भिंती मागून आल्या. भिंती हव्यातच. कोकणातल्या पावसात त्यांच्याशिवाय भागणार नाही. पण भिंती आल्या म्हणून अंगण गेलं, असं होता कामा नये.

याला सरकारी आधारही आहे. केंद्र सरकारने २०१३ साली बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण आणलं. त्यासोबतच्या दर्जाच्या निकषांत ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर खोली साधारण १५ फूट रुंद आणि २५ फूट लांब. बाहेरची जागा साधारण १६ फूट बाय २० फूट. आपल्याकडच्या मोठ्या खळ्यापेक्षाही हे कमीच आहे. तेवढं तरी आपल्या मुलांना मिळतं का, ते टेप लावून मोजा.

आता आतल्या खोलीत जाऊ. खोलीत शिरल्यावर खाली जमिनीवर बसा. मुलाचे डोळे त्याच उंचीवर असतात. तिथून काय दिसतं? बहुतेक ठिकाणी कोरी भिंत दिसते, कारण तक्ते आपल्या डोळ्यांसमोर लावलेले असतात. ते खाली आणा. भिंतीचा जमिनीपासून ३ फुटांपर्यंतचा पट्टा काळा रंगवून घेतला की सगळ्या मुलांना एकाच वेळी खडूने रेघोट्या मारता येतात. खिडकी इतकी खाली असावी की मुलाला उभं राहून बाहेरचं दिसेल. मजबूत गज मात्र हवेत. खेळणी कपाटात कुलपात ठेवली तर ती साहेबांना दाखवण्यापुरतीच उरतात. मुलाच्या छातीइतक्या उंचीची उघडी फळी असली की मूल स्वतः घेतं आणि शिकवलं की स्वतः ठेवतं.

एका खोलीचे चार कोपरे करता येतात. एकात चित्रांची पुस्तकं, एकात ठोकळे, एकात भातुकली आणि बाहुल्या, एकात माती, कागद, रंग. मधली जागा गाण्यांना, गोष्टींना मोकळी. सगळी मुलं दिवसभर एका रांगेत बसवायची गरज उरत नाही. स्वयंपाकाची जागा मात्र वेगळी हवी. शेगडी आणि मूल एका खोलीत नको. मुलांच्या संडासाचं भांडं लहान हवं आणि नळ मुलाच्या हाताला पोचेल असा हवा. मोठ्या भांड्याला घाबरून मुलं लघवी धरून ठेवतात, हे आपल्याला घरीही माहीत आहे.

छपराचा विचार आपल्याकडे नीट करावा लागतो. उघड्या पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होतो की सेविकाताईंचं गाणं दुसऱ्या रांगेत पोचत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच पत्र्याखाली मुलं भाजून निघतात. कौलं गार असतात, पण वानरं ती फोडतात. काहीही घातलं तरी ते पक्कं बांधलेलं हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या दापोली तालुक्यात पत्रे कसे उडाले आणि माड-पोफळी कशा आडव्या झाल्या, ते आपण पाहिलं आहे.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये आपल्या जुन्या घरांनी एक फार शहाणी जागा ठेवली होती, ती म्हणजे पडवी. अंगणवाडीला ७-८ फूट रुंदीची पडवी असली तर जून ते सप्टेंबर मुलं कोंडून राहत नाहीत. पाऊस बहुधा समुद्राकडून तिरका येतो, म्हणून पडवी शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला काढावी. झड येते त्या बाजूला पूर्वीसारखे झाप बांधावेत. पडवीत मुलं पळतात, उड्या मारतात, वळचणीचं पाणी करवंटीत धरतात. इमारतीच्या नकाशात पडवी नसेल तर ती तेव्हाच मागायची. स्लॅब पडल्यावर मागून उपयोग नाही.

आता अंगण. तिथे घसरगुंडी, झोपाळा असला तर छान, नसला तरी अडत नाही. थोडी वाळू, एक पाण्याचं टोपलं, करवंट्या, भोकं पाडलेले डबे, नारळाचे सोडण, बसून ओढायला पोफळीची विरी, तोल सांभाळत चालायला एका रांगेत मांडलेले चिरे. एवढ्यात तासभर सहज जातो. वाळूचा खड्डा संध्याकाळी झाकावा, नाहीतर कुत्री-मांजरं तिथे घाण करतात. थोडा भाग उन्हाचा, थोडा सावलीचा ठेवावा. एका कडेला मुलांच्या हाताने लाल माठ, भेंडी, झेंडू लावावा.

सावलीसाठी मात्र माड निवडू नका. वरून नारळ किंवा झावळ पडली तर मुलाचं डोकं वाचणार नाही. कुंपणाला शेर नको, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया म्हणजे बिट्ट्या. आपण लहानपणी त्या खेळलो असू, पण त्या विषारी आहेत, पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. ते झाड अंगणात नकोच. जवळ विहीर असेल तर तिला कठडा आणि वर जाळी पाहिजे. चिऱ्यांचे आणि लाकडांचे ढीग हलवावेत, त्यात साप-विंचू राहतात. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला घासून काढावं.

काही आया म्हणतात, "वाळूत खेळायला कशाला पाठवू? अभ्यास कधी होणार?" मग दापोलीच्या शाळेची गाडी दारात येते आणि तीन वर्षांचं मूल बाकावर बसून ए-बी-सी गिरवायला लागतं. या आयांना रागावू नका, शांतपणे सांगा. पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते, ती माती मळून, वाळू उपसून, बिया निवडून येते. डबा भरला, अर्धा राहिला, सांडला, यातून मोजमाप कळतं. विरीवर आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकलेलं मूल पुढे वर्गातही थांबतं. या वयातला अभ्यास तो हाच.

हे सगळं सेविकाताई आणि मदतनीसताई यांच्या एकटीच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. येत्या महिन्यात गटाच्या बैठकीनंतर सगळ्यांनी मिळून अंगणवाडी पाहून या. खोली मोजा, अंगण मोजा, धोके लिहून काढा. जे हाताने होतं ते श्रमदानात करा. तक्ते खाली आणणं, फळी ठोकणं, ढीग हलवणं यांना कुणाची मंजुरी लागत नाही. पडवी, कुंपण, संडास यांसाठी ग्रामसभेआधीच्या महिलासभेत ठराव मांडा आणि तो वहीत लिहून घ्या. नव्या इमारतीचं काम निघणार असेल तर खणायला सुरुवात होण्याआधी नकाशा मागून पाहा.

मुरुडला ही रीत नवी नाही. इथेच वाढलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ साली 'मुरुड फंड' सुरू केला, तो गावकऱ्यांनी आपल्या कमाईतला थोडा भाग गावाच्या कामाला द्यावा म्हणून. आपल्या गटाकडे पैसा थोडा असेल, पण बायकांचे हात आहेत आणि महिलासभेत बोलायचा हक्क आहे. आपल्या अंगणवाडीचं अंगण किती फूट भरलं, ते मोजून आम्हाला जरूर कळवा.