गच्चीचा हिशेब

एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. शाळेत शिकलेलं हे गणित मला अजूनही जादूसारखं वाटतं, कारण तेवढ्यावर कुठल्याही कॉलेजचा पाण्याचा दावा चहा संपायच्या आत तपासता येतो. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेजवळ वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरची गच्ची असेल तर सात लाख लिटर झाले. वाफ होणारं आणि पहिल्या सरींत धूळ धुऊन जाणारं पाणी वजा करून साडेपाच लाख धरू. म्हणजे दहा हजार लिटरचे पंचावन्न टँकर, तेही फुकट! पण एवढ्याच गच्चीच्या जिवावर कुणी ‘दरवर्षी वीस लाख लिटर पाणी जिरवतो’ असा फलक लावला, तर बाकीचा पाऊस धो धो पावसाच्या मुळशीहून मागवला का, असं विचारावं.

असे फलक लागतात ते बहुधा ‘नॅक येतंय’ म्हटलं की. भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या 2017 मध्ये आलेल्या मूल्यांकन-पद्धतीत सातवा निकष संस्थेच्या मूल्यांचा आहे आणि ऊर्जा, पाणी, कचरा, हिरवा परिसर हे सगळं त्यात येतं. खरी गंमत प्रश्नांच्या घडणीत आहे. पाण्याच्या प्रश्नाखाली यादी दिलेली असते: पावसाचं पाणी साठवणं, बोअर-विहिरीचं पुनर्भरण, टाक्या-बंधारे, सांडपाण्याचा पुनर्वापर वगैरे. यातल्या चार गोष्टी असल्या की पूर्ण गुण. किती लिटर, हा प्रश्नच नाही. ग्रीन ऑडिटचंही तेच. ऑडिट करून घेतलं याला गुण मिळतात, त्यात काय निघालं याला नाही. पेपरला हजर राहिल्याचेच मार्क!

तरी या व्यवस्थेनं एक मोठी सोय करून ठेवली आहे. कॉलेजला आपला स्वयंमूल्यमापन अहवाल वेबसाइटवर टाकावा लागतो. दावे तिथे उघड्यावर पडलेले असतात, फक्त कुणी वाचत नाही.

सौर पॅनेलचं घ्या. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमी. पन्नास किलोवॉटला महिन्याचे सहा हजार युनिट व्हायला हवेत. नेट मीटरिंग असेल तर ग्रिडला परत गेलेले युनिट महावितरणच्या बिलावर छापलेले असतात. मे महिन्याचं बिल बघावं. वर्ग ओस, पंखे बंद आणि डोक्यावर पुण्याचं ऊन, तेव्हा वीज बाहेर वाहायलाच हवी. आकडा किरकोळ असेल तर पॅनेलवर धूळ तरी असेल किंवा इन्व्हर्टर बंद पडला असेल. अनुदानित कॉलेज बिल दाखवत नसेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.

झाडांबद्दल एवढंच, की किती लावली हे विचारू नये, किती जगली आणि कुठली हे विचारावं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भराभर वाढलं, हिरवंगार दिसलं, पण ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड.

हे तपासणार कोण? उत्तरही पुण्यातच सापडतं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला आणि त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं डॉ. एरक भरुचा यांनी. पेशानं सर्जन, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे तेव्हाचे संचालक. देशभरच्या मुलांनी ‘ईव्हीएस’ म्हणून जे वाचलं, ते एका पुणेकर डॉक्टरनं लिहिलेलं!

त्या विषयाला प्रकल्प असतो. तो बहुधा झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो, विषय ‘जागतिक तापमानवाढ’. त्याऐवजी चार मुलांनी आपल्याच कॉलेजची गच्ची मोजली तर? लांब टेप, बिलांची फाईल आणि वेधशाळेचा आकडा, एवढंच लागतं. गच्चीची किल्ली मात्र शिपाईमामांकडे असते.